बायोसला रिटायर करायचं, पण कोणी?

फेडोरा म्हटलं की आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या जनतेला टोपी आठवते आणि उरलेल्या निम्म्या जनतेला काहीच आठवत नाही. कॉम्प आणि आयटीवाल्यांना माहीत असेल, ही लिनक्सचीच एक जात. रेड हॅट कंपनीच्या पाठबळावर चालते, फुकट मिळते, आणि साधारण दर सहा महिन्यांनी हिची नवी आवृत्ती निघते. तर एप्रिल २०२२ मध्ये या फेडोराच्याच काही डेव्हलपर्सनी एक प्रस्ताव मांडला. येणाऱ्या ३७ व्या आवृत्तीपासून, ज्या मशिनमध्ये जुना बायोस आहे तिथे नव्याने फेडोरा टाकायला सपोर्ट नाही. यूईएफआय असेल तर या, नसेल तर रामराम. आधीच टाकलेली सिस्टिम चालू राहील, पण ही पहिली पायरी आहे आणि पुढे बायोसचा सपोर्ट पूर्णच काढायचा आहे, हेही त्यात सरळ लिहिलेलं होतं.

मी तेव्हा दहावीत होते. बूट म्हणजे रोजचे काळे आणि पी.टी.च्या दिवशी पांढरे, एवढंच माझं बूटिंगचं ज्ञान! हा सगळा वाद मी वाचला तो गेल्या वर्षी, ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलच्या निमित्ताने. आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथे लिहिते आहे. मराठी विभागाच्या संपादकांची अट होती, "विषय टेक्निकल चालेल पण मराठी सोपं हवं." कॉन्व्हेंटच्या मुलीला सोपंच मराठी येतं, तेव्हा ती अट आपोआप पाळली जाईल.

आधी मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडा फंडा. (कॉम्पवाल्यांनी एक परिच्छेद उडी मारली तरी चालेल, पण ओरल्सला हे विचारतात, सांगून ठेवते.)

तुम्ही पॉवरचं बटण दाबता तेव्हा मशिनला काहीच माहीत नसतं. विंडोज कुठे आहे, लिनक्स कुठे आहे, फाइल म्हणजे काय, काही नाही. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो आधी उठतो. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून या प्रोग्रॅमचं नाव बायोस. हा बायोस म्हणजे आपल्या गेटवरचे जुने वॉचमन काका समजा. काकांना रजिस्टर वाचता येत नाही. त्यांना एकच गोष्ट ठाऊक आहे. पहिल्या खोलीत जायचं, तिथे टेबलावर चिठ्ठी असेल ती उचलायची आणि त्यात लिहिलंय तसं करायचं. ही चिठ्ठी म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर. मोजून ५१२ बाइट. शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए हे आकडे आहेत का एवढंच काका बघतात. असतील तर चिठ्ठी खरी, काम चालू. त्या ५१२ मधले ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला जातात, म्हणजे १६ बाइटची एक अशी चारच पार्टिशनं. उरतात ४४६. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम शोधून उठवायची सुरुवात या ४४६ बाइटमध्ये बसवायची! या लेखाचा पहिला परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही.

मग मावत नाही ते कुठे ठेवतात? ग्रब नावाचा जो बूटलोडर आपण ड्युअल बूटला बघतो, तो स्वतःचा छोटासा तुकडा त्या चिठ्ठीत ठेवतो, आणि पुढचा भाग ठेवतो पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. ही जागा कोणाच्याच नावावर नाही. विंगच्या जिन्याखाली आपण ट्रंका ठेवतो ना, तसंच. रेक्टर काही म्हणत नाहीत तोवर ठीक. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने तिथे हात घातला की बूटिंग खलास. शिवाय हा सगळा खेळ १६ बिट मोडमध्ये, म्हणजे तुमचा प्रोसेसर कितीही भारी असो, बायोसच्या राज्यात तो आधी १९७८ च्या ८०८६ सारखा वागतो आणि मग वर चढतो. त्या तक्त्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटचा, म्हणून साधारण २ टीबीच्या पुढची डिस्क त्याला दिसतच नाही.

यूईएफआय म्हणजे शिकलेला वॉचमन. त्याचं मूळ इंटेलच्या इटॅनियम सर्व्हरसाठी केलेल्या कामात आहे, आणि २००५ साली सगळ्या कंपन्यांनी मिळून त्याचा फोरम स्थापन केला. याला फाइल कळते. डिस्कवरच्या एका ठरलेल्या पार्टिशनमध्ये जाऊन तो नाव वाचून फाइल उघडतो. जिन्याखालच्या ट्रंकांची गरज नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर फाइलवरची सहीसुद्धा तपासतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि त्याचा लोगो लावायचा तर यूईएफआय पाहिजे असं मायक्रोसॉफ्टने ठरवलं, तेव्हापासूनच्या जवळजवळ सगळ्या नव्या पीसीत तो आहे. मधल्या काळात यूईएफआयमध्येच सीएसएम नावाची सोय असायची, म्हणजे नव्या वॉचमनने जुन्या काकांचं सोंग घ्यायचं. इंटेलने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं की २०२० पर्यंत आम्ही तीही सोय बंद करतोय.

तर मग २०२२ मधला तो प्रस्ताव योग्यच नाही का? वाचताना मला पहिल्यांदा तसंच वाटलं. चाळीस वर्षं नोकरी झाली, आता काकांना शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवा की!

डेव्हलपर्सची बाजू खरंच ऐकण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं, "आहे ते राहू द्या ना, काढायला कशाला जाता? ठेवायला काय पैसे पडतात?" इथेच घोळ आहे. कोड कपाटात ठेवलेल्या साडीसारखा नसतो. भोवतालचं सगळं बदलत असतं, कंपायलर बदलतो, इन्स्टॉलर बदलतो, डिस्कची मांडणी बदलते, आणि प्रत्येक वेळी जुना रस्ता अजून चालतोय का ते कोणीतरी चालून बघावं लागतं. यूईएफआयला निदान लिहिलेलं स्टँडर्ड आहे. बायोस मात्र प्रत्येक बोर्डावर थोडा वेगळा वागतो, आणि ज्या कंपनीने तो लिहिला ती आता त्याचं अपडेट देत नाही. कुठल्यातरी २००८ च्या बोर्डावर ग्रब अडकला असा बग येतो तेव्हा तो बोर्ड डेव्हलपरकडे नसतो. मग तो अंदाजाने दुरुस्त करणार की काय?

आणि ही माणसं किती, तर मूठभर. ग्रब, सिक्युअर बूटसाठी लागणारा शिम नावाचा प्रोग्रॅम, इन्स्टॉलरचा बूटचा भाग, सगळं त्याच चार डोक्यांवर. जुलै २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाची मोठी त्रुटी सापडली. कॉन्फिगरेशनची फाइल वाचतानाचा बफर ओव्हरफ्लो, अगदी आपण सेकंड इयरला सी मध्ये शिकतो तोच. त्यामुळे सगळ्या लिनक्सवाल्यांना नव्याने सह्या केलेले बूटलोडर काढावे लागले. असं काम अंगावर असताना २००८ च्या बोर्डाचं कौतुक कोणाला असणार? फेडोराच्या इन्स्टॉलच्या सीडीत बायोससाठी सिसलिनक्स नावाचा बूटलोडर होता, त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०१४ ची. म्हणजे मागे बघायला कोणी उरलेलं नाही अशा वस्तूवर ही मंडळी उभी होती. त्यांनी "आम्हाला झेपत नाही" असं म्हटलं तर त्यात आळस नाही. उलट सगळ्यांसमोर तसं सांगायला हिंमत लागते. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी कबूल करत नाही!

तरीही माझं मत प्रस्तावाच्या विरुद्ध आहे. का ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे कोणती मशिनं बाहेर पडणार होती ते नीट बघा. पेंटियम फोरच्या डब्यांसाठी मी रडत नाहीये. फेडोराने ३१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ३२ बिट मशिनचा कर्नल काढणंच बंद केलं. ते बरोबरच झालं, ते डबे वीज खातात आणि हीटरचं काम करतात. पण साधारण २००६ ते २०११ या काळात आलेली कोअर टू ड्युओ आणि सुरुवातीची आय थ्री, आय फाइव्ह मशिनं ६४ बिटची आहेत. ४ जीबी रॅम आणि एक स्वस्तातली एसएसडी टाकली की त्यावर सी प्रोग्रॅम, पायथन, ब्राउझर, लिब्रेऑफिस सगळं चालतं. फक्त यूईएफआय नाही. नेमकी हीच मशिनं त्या प्रस्तावाच्या दारात अडली असती.

आता ती आहेत कुठे? तर आपल्या लॅबच्या मागच्या रांगेत. मी मोजली, अकरा आहेत. फर्स्ट इयरची सी ची प्रॅक्टिकलं आजही त्यांच्यावर होतात. आणि आपल्या एनएसएस युनिटने हिवाळी कॅम्पच्या गावातल्या शाळेला सहा मशिनं दिली, तीही त्याच काळातली. त्यावर आम्ही फेडोरा टाकून दिलं होतं. मागच्या पावसाळ्यात तिथल्या गुरुजींचा फोन आला. "ताई, एक मशिन काळी स्क्रीन दाखवून थांबतंय." डिस्क गेली होती. नवी डिस्क घेऊन आम्ही तिघीजणी एसटीने गेलो, फेडोरा पुन्हा टाकलं, पाचवीतली मुलं भोवती उभी राहून टक्क्यांचे आकडे मोठ्याने वाचत होती. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव! (माझ्यापेक्षा त्यांना हे आकडे मराठीत पटापट येतात, हे इथेच नोंदवून ठेवते.)

हा किस्सा अशासाठी सांगितला की प्रस्तावात "आधीची सिस्टिम चालू राहील" हे वाक्य फार साळसूद होतं. डिस्क गेली की आधीची सिस्टिम संपली. मग लागतं ते नवं इन्स्टॉल, आणि बंद होणार होतं ते नेमकं तेच. जुन्या मशिनची पहिली मरणारी वस्तू म्हणजे डिस्क, हे आपल्या लॅब असिस्टंट काकांना विचारा. बरं, बायोसवरून यूईएफआयवर उडी मारायची म्हटली तर ज्या मशिनमध्ये दोन्ही आहेत तिथेसुद्धा पार्टिशन पाडून सगळं पुन्हा टाकावं लागतं. हे प्रस्ताव मांडणाऱ्यांनीही मान्य केलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त मजेशीर वाटली. बायोस फक्त जुन्या मशिनमध्ये आहे हा समजच चुकीचा. व्हर्च्युअल मशिनचं काय? क्यूएमू आपणहून उठतं ते सीबायोस घेऊन, म्हणजे बायोसच. आपण ओएस लॅबला व्हर्च्युअलबॉक्स वापरतो, त्यातला ईएफआयचा चौकोन किती जणांनी कधी टिक केलाय? त्याच्या शेजारी तर "खास ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच" अशा अर्थाची सूचना असायची, त्यामुळे आपल्यासारखे सज्जन विद्यार्थी त्याला हातच लावत नाहीत! क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या कितीतरी मशिनींचं तेव्हा तेच होतं. म्हणजे काल तयार केलेलं, ज्याला शरीरच नाही असं मशिनसुद्धा १९८१ च्या पद्धतीने उठत होतं. विरोध करणाऱ्यांनी हा मुद्दा जोरात मांडला आणि माझ्या मते तोच निर्णायक होता. तिसरा मुद्दा अर्धवट यूईएफआयचा. २०११-१२ च्या काही लॅपटॉपमध्ये तो नावाला आहे, पण विंडोजच्या ठरलेल्या फाइलशिवाय दुसरं काही उठवायला तयार नाही. कागदावर हे मशिन पात्र, प्रत्यक्षात नापास. त्यांना सीएसएमचाच आधार.

शेवटी काय झालं? फेडोरात असे तांत्रिक निर्णय फेस्को नावाची नऊ जणांची निवडून आलेली समिती घेते. तिने प्रस्ताव मान्य केला नाही. १५ नोव्हेंबर २०२२ ला ३७ वी आवृत्ती आली ती बायोससकट. आणि त्याच आवृत्तीत दोन छान गोष्टी झाल्या. बायोसच्या मशिनवरसुद्धा पार्टिशनसाठी जुन्या तक्त्याऐवजी जीपीटी हा नवा तक्ता आपणहून वापरला जाऊ लागला, आणि इन्स्टॉलच्या सीडीतला सिसलिनक्स काढून तिथेही ग्रब आला. म्हणजे जिन्याखालच्या ट्रंका उचलून ग्रबला स्वतःचं छोटं पार्टिशन दिलं, दोन बूटलोडरच्या जागी एक सांभाळायचा राहिला, आणि एकाही माणसाला बाहेर काढावं लागलं नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला. ओझं कुठे आहे ते शोधून तेवढंच उतरवलं. ऑक्टोबर २०२५ मधली ४३ वी आवृत्तीसुद्धा बायोसवर बसते.

आता कोणी म्हणेल, २०२२ मध्ये नाही झालं, मग आज कशाला उगाळतेस? कारण मधल्या काळात दुसरं दार बंद झालं. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही चिप लागते. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. यात एक गल्लत लोक करतात. विंडोज ११ ने नाकारलेल्या मशिनींपैकी बऱ्याच जणींना यूईएफआय आहे, टीपीएम किंवा नवा प्रोसेसर नाही. त्यांना लिनक्सवर यायला काहीच अडचण नाही. अडकतात त्या त्याहून जुन्या, आपल्या लॅबमधल्या अकरा आणि शाळेतल्या सहा. त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळतील अशी जागा आता लिनक्सच. म्हणून फेडोरा काय किंवा डेबियन काय, त्यांनी दार लावण्याचा अर्थ २०२२ पेक्षा आज जास्त गंभीर आहे.

आणि नवं आलं की कटकट मिटली असंही कोणी समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली आणि जगभरात ड्युअल बूट केलेल्या कितीतरी लोकांचं लिनक्स उठेना. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल उघडकीला आलं. बूट होताना कंपनीचा जो लोगो दिसतो ते चित्र वाचणाऱ्या कोडमधूनच यूईएफआयमध्ये शिरता येतं, असा तो प्रकार. सिक्युअर बूटच्या सह्या ज्यांच्यावर अवलंबून आहेत ती मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकिटं, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपते. शिकलेला वॉचमन असला तरी त्याचं ओळखपत्र रिन्यू करावं लागतंच. आणि हे सगळं निस्तरणारी माणसं पुन्हा तीच, मूठभर.

म्हणून विरोधकांचं सगळंच मला पटत नाही. "काढू नका" म्हणणारे शेकड्यांनी होते. "मी सांभाळतो" म्हणणारे किती? मेसच्या जेवणाबद्दल आरडाओरडा करणारे आणि मेस कमिटीच्या मीटिंगला येणारे यांच्यात जेवढा फरक असतो तेवढाच.

बायोस कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. लिनक्स कर्नलने ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट ३.८ या आवृत्तीत, फेब्रुवारी २०१३ मध्ये काढला. ज्या ३८६ वर लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली तोच हा ३८६! प्रोसेसर १९८५ चा, म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त मिळाली त्याला. तोवर तो कोणाच्या रोजच्या टेबलावर उरलाच नव्हता. बायोसचाही असा दिवस येईल. व्हर्च्युअल मशिनं आपणहून यूईएफआयने उठायला लागली, आणि तारीख दोन-तीन वर्षं आधी सांगितली, तर मी स्वतः शाल घेऊन उभी राहीन. पण तोपर्यंतची वर्षं कोणी ओढायची?

माझं म्हणणं, आपण.

हसू नका. फेडोराची प्रत्येक आवृत्ती निघायच्या आधी एक मोठा तक्ता मांडतात. ओळीत टेस्ट, रकान्यात बायोस आणि यूईएफआय. अकाउंट उघडून कोणीही त्यात निकाल भरू शकतो. पेन ड्राइव्हवर इमेज लिहायची, मशिन बायोसमधून उठवायचं, इन्स्टॉल करायचं, रीस्टार्ट करून लॉगिन होतं का बघायचं, आणि झालं किंवा नाही झालं ते लिहायचं. नाही झालं तर लॉग आणि स्क्रीनचा फोटो जोडून बग टाकायचा. यात कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. ज्या डेव्हलपरच्या टेबलावर नवा लॅपटॉप आहे त्याच्याकडे २००८ चा बोर्ड नाही. आपल्याकडे अकरा आहेत, वेगवेगळ्या तीन कंपन्यांचे! ज्याला आपण भंगार म्हणतो ते त्या तक्त्यासाठी सोनं आहे.

आणि फेडोरा आपल्याला परकं आहे असंही नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये फेडोराचं फडकॉन हे संमेलन पुण्यात सीओईपीला भरलं होतं, २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच, एमआयटीत. रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. आपल्या सीनियर्सपैकी काही जण तिथे नोकरीला आहेत आणि बाकीचे तिथे नोकरी मिळावी म्हणून धडपडतायत. तरी आपल्या कॉलेजचा संबंध येतो तो इमेज डाउनलोड करण्यापुरता. तीही एकाने करायची आणि अख्ख्या हॉस्टेलने पेन ड्राइव्ह फिरवायचा.

सर आणि मॅडम लोकांनाही एक नम्र विनंती आहे. ओएसच्या जर्नलमध्ये "बूटिंग प्रोसेसचा अभ्यास" नावाचं एक प्रॅक्टिकल आहे. त्याची आकृती गेली कित्येक वर्षं सीनियरच्या जर्नलमधून ज्युनियरच्या जर्नलमध्ये जशीच्या तशी उतरते, बाणासकट, खाडाखोडीसकट. त्याऐवजी प्रत्येक बॅचने एका मशिनवर हे टेस्टिंग करावं आणि तक्त्यात भरलेल्या निकालाची प्रिंट जर्नलला लावावी. एका बॅचला दोन तास पुरतात. जुन्या डिस्कवर थोडा जास्त वेळ जाईल, पण तेवढ्यात चहा होतो.

अडचण वेळेची आहे, हे खरं. बीटा येते ती साधारण मार्च आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकी सबमिशनच्या तोंडावर. म्हणून शनिवार धरलाय. बीटा आल्यावरचा पहिला शनिवार, दुपारी दोन ते सहा. लॅबची किल्ली काका द्यायला तयार आहेत, एचओडींची सही बाकी आहे, अर्ज सोमवारी देतोय. लेडीज हॉस्टेलमधून आत्तापर्यंत सात नावं आली आहेत, बॉइज हॉस्टेलमधून दोन. अकरा मशिनं आहेत, म्हणजे अजून दोघं तरी हवेत. मेकॅनिकल-सिव्हिल चालेल. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा, आपापला, आणि रिकामा करून आणावा.